छातीत दुखते, मग हात का भरून येतो?

रात्री जेवण झाल्यावर घरातला कर्ता माणूस छाती चोळत उठून बसतो. "काही नाही, गॅस झालाय," असे सांगतो. कोणी ओवा देते, कोणी सोडा आणते, कोणी पाठीला बाम लावते. अंगाला घाम सुटलेला असतो, डावा हात भरून आलेला असतो. तरीही "सकाळी बघू दवाखान्यात," असे म्हणून सगळे पडून राहतात. वाचकहो, असे प्रसंग आपल्या वस्त्यांत नवे नाहीत आणि काही घरांत ती सकाळ फार उशिराची ठरते.

यात दोष केवळ निष्काळजीपणाचा नसतो. छातीच्या आत काय आहे, तिथली वेदना कोणत्या वाटेने जाते आणि ती भलत्याच जागी का जाणवते, हे आपल्याला कोणी नीट सांगितलेलेच नसते. या अंकात तेवढेच समजून घेऊ.

आधी 'नस' म्हणजे काय ते ठरवू

आपण बोलताना दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरतो. "नस दबली" म्हणतो आणि "नसेतून रक्त काढले" असेही म्हणतो. प्रत्यक्षात रक्त वाहून नेणाऱ्या नळ्या वेगळ्या आणि संदेश वाहून नेणारे मज्जातंतू वेगळे. रक्ताच्या नळ्यांतही दोन प्रकार आहेत. हृदयाकडून रक्त बाहेर नेते ती रोहिणी आणि हृदयाकडे परत आणते ती नीला. मज्जातंतूत रक्त वाहत नाही. तो विजेच्या तारेसारखा मेंदू आणि अवयव यांच्यात निरोपांची ने-आण करतो. छातीत हे तिन्ही शेजारी शेजारी असतात.

छातीचा पिंजरा

पुढे छातीचे मधले हाड, मागे पाठीचे मणके आणि दोन्हींना धरून बरगड्यांच्या १२ जोड्या, असा हा पिंजरा आहे. वरच्या ७ जोड्या मधल्या हाडाला थेट जोडलेल्या असतात. पुढच्या ३ जोड्या वरच्या कूर्चेच्या आधाराने जोडल्या जातात. शेवटच्या २ जोड्या पुढे मोकळ्याच राहतात. बरगड्या पुरुषाला कमी आणि स्त्रीला जास्त, ही समजूत चुकीची आहे. दोघांनाही सारख्याच असतात.

प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला आतून एक खाच असते. त्या खाचेत वरून खाली अशा क्रमाने नीला, रोहिणी आणि मज्जातंतू असतात. फुफ्फुसाबाहेर साठलेले पाणी काढताना डॉक्टर सुई बरगडीच्या वरच्या कडेला लागून घालतात, खालच्या कडेला नाही, ते याच कारणाने. "छातीतले पाणी काढले की माणूस खचतो" या भीतीने पुष्कळ जण ही तपासणी टाळतात. ती योग्य जागी केली तर सुरक्षित असते, आणि पाणी क्षयाचे आहे की आणखी कशाचे, याचा शोध घेण्यासाठी ती लागते.

याच बरगडीच्या मज्जातंतूवर नागीण उठते. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षे दडून राहतो आणि प्रतिकारशक्ती घटली की त्या तंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. म्हणून फोडांचा पट्टा पाठीकडून पुढे छातीकडे येतो. नागिणीची दोन्ही टोके जुळली की माणूस दगावतो, असे लोक सांगतात. त्यात तथ्य नाही. डाव्या बाजूचा तंतू डाव्या बाजूपुरता आणि उजवा उजव्यापुरता असतो, म्हणून पट्टा बहुधा शरीराच्या मध्यरेषेवर थांबतो. मंत्र, उतारा, लेप यांत दिवस घालवू नका. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झाले तर ते जास्त चांगले लागू पडते.

फुफ्फुसे आणि श्वासपटल

पिंजऱ्याच्या दोन्ही बाजूंना फुफ्फुसे असतात. उजव्याचे ३ खंड, डाव्याचे २, कारण डावीकडे हृदयाला जागा द्यावी लागते. फुफ्फुसाच्या स्वतःच्या गाभ्याला वेदना जाणवत नाही. वेदना जाणवते ती बरगड्यांना आतून चिकटलेल्या बाहेरच्या आवरणाला. ते सुजले की खोल श्वास घेताना किंवा खोकताना सुई टोचल्यासारखे दुखते. पण आजार फुफ्फुसाच्या आतच असेल तर काहीच दुखत नाही आणि आजार वाढत राहतो. म्हणून दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर दुखण्याची वाट न पाहता सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. ही तपासणी मोफत होते.

खालून छाती आणि पोट वेगळे करणारा घुमटासारखा स्नायू म्हणजे श्वासपटल. श्वास घेताना तो खाली सरकतो. गंमत अशी की त्याला हलवणारा मज्जातंतू जवळच्या मणक्यातून न येता मानेतून निघतो आणि हृदयाच्या कडेने खाली उतरतो. गर्भात श्वासपटलाची घडण मानेजवळ सुरू होते आणि वाढीबरोबर ते खाली येते, येताना आपला मज्जातंतूही ओढत आणते. मानेचे तेच तंतू खांद्याच्या त्वचेलाही जातात. म्हणून पित्ताशय किंवा यकृताच्या आजाराने श्वासपटल खालून चिडले, तर कधी कधी उजवा खांदा दुखतो. खांद्याला कितीही मालिश केली तरी तो बरा होत नाही.

हृदय, आणि हात भरून येण्याचे कारण

हृदय अगदी डावीकडे असते हा समज बरोबर नाही. ते मधल्या हाडामागे असते. साधारण दोन तृतीयांश भाग मध्यरेषेच्या डावीकडे आणि एक तृतीयांश उजवीकडे. आकार आपल्या मुठीएवढा, आणि दिवसाला ठोके सुमारे १ लाख. त्यातून निघणारी महारोहिणी वर जाते, कमानीसारखी वळते आणि मणक्याच्या कडेने खाली उतरते. हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवते, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळते ते महारोहिणीच्या मुळापासून फुटणाऱ्या दोन लहान रोहिण्यांमधून. त्यांचा पोकळ भाग अवघा ३-४ मिलिमीटरचा असतो. त्यातली एखादी रक्ताच्या गुठळीने बंद झाली, की त्यापुढच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. हाच हार्ट अटॅक. अर्ध्या तासाच्या आसपास स्नायू मरायला लागतो आणि पुढच्या काही तासांत नुकसान वाढत जाते. गेलेला स्नायू परत येत नाही.

आता मूळ प्रश्न. हृदयाची वेदना नेणारे तंतू छातीच्या वरच्या भागातल्या पाठीच्या कण्यात शिरतात. त्याच पातळीवर छातीच्या आणि हाताच्या आतल्या बाजूच्या त्वचेचे तंतूही येतात. मेंदूला आयुष्यभर निरोप येतात ते बहुतेक त्वचेचे: काटा टोचला, चटका बसला. हृदयाचा निरोप क्वचितच येतो. त्यामुळे त्याच वाटेने हृदयाची कळ आली की मेंदूला वाटते, हातच दुखतोय. हातात काही बिघाड नसतो. अशीच कळ जबड्यात, मानेत, पाठीत किंवा छातीच्या खड्ड्यात जाणवते.

मग 'गॅस' का वाटतो? अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागून जाते आणि दोघांच्या वेदनेच्या वाटाही बऱ्याच अंशी एकच आहेत. मेंदूपासून पोटापर्यंत जाणारा व्हेगस मज्जातंतू वाटेत हृदयालाही तंतू देतो. म्हणून हार्ट अटॅकमध्ये मळमळ आणि उलटी होऊ शकते. ढेकर आल्याने बरे वाटले, म्हणून हृदय ठीक आहे असे ठरत नाही. केवळ वर्णन ऐकून डॉक्टरही खात्री देत नाहीत, ईसीजी काढतात.

हृदयाची वेदना बहुधा बोटाने दाखवता येत नाही. माणूस छातीवर मूठ किंवा तळहात ठेवतो. दाबल्यासारखे, आवळल्यासारखे, ओझे ठेवल्यासारखे वाटते. मात्र जुन्या मधुमेहात मज्जातंतूच बधिर होतात, त्यामुळे कळ अगदी कमी किंवा मुळीच जाणवत नाही. स्त्रियांमध्ये आणि वयस्कर माणसांत कधी केवळ धाप, घाम, मळमळ किंवा अचानक आलेला थकवा एवढेच दिसते. घरातली आई "जरा अशक्तपणा आहे" म्हणते तेव्हा हे ध्यानात ठेवा.

बसलेला आवाज

स्वरयंत्राला जाणारा डावा मज्जातंतू सरळ घशात न जाता आधी छातीत उतरतो, महारोहिणीच्या कमानीखालून वळसा घालतो आणि मग वर येतो. त्या वळणाजवळ गाठ झाली तर घसा न दुखताही आवाज बसतो. विडी, सिगारेट किंवा तंबाखू घेणाऱ्याचा आवाज ३ आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला असेल, तर गुळण्या करत न बसता नाक-कान-घसा तज्ज्ञाला दाखवावे. छातीचा एक्स-रे लागू शकतो.

छातीत दुखले तर

१. दुखणे १०-१५ मिनिटांत थांबले नाही, किंवा सोबत घाम, धाप, हात-जबड्यात कळ असेल, तर लगेच १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत आहे.

२. रुग्णाला चालवू नका, जिना चढू-उतरू देऊ नका. त्याला स्वतः गाडी चालवत जाऊ देऊ नका. अर्धवट टेकवून बसवा.

३. ॲस्पिरिनची गोळी द्यायची का, हे फोनवर डॉक्टरांना विचारा. ज्यांना तिची ॲलर्जी आहे किंवा रक्तस्राव होतो, त्यांना ती देऊ नये.

४. माणूस बेशुद्ध पडला आणि श्वास थांबला, तर छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर दोन्ही तळहात ठेवून ५-६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा. हृदय हाड आणि मणका यांच्या मध्ये असल्याने असे दाबल्यावर त्यातून रक्त पुढे ढकलले जाते.

५. ईसीजी होईल अशा सर्वात जवळच्या रुग्णालयात न्या. खर्चाच्या धास्तीने घरी थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या उपचारांचा समावेश आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड एका पिशवीत तयार ठेवा.

तपासणीत खरोखरच गॅस निघाला तर एक फेरी वाया जाईल, एवढेच. ओवा, सोडा आणि बाम यांत रात्र काढली तर त्या घराचे काय जाऊ शकते, हे वेगळे सांगायला नको. हा लेख घरातल्या ज्येष्ठांना वाचून दाखवा आणि १०८ हा आकडा भिंतीवर ठळक लिहून ठेवा.