माल्मोच्या सोफ्यापासून ‘पेड पार्टनरशिप’पर्यंत

२००९ साली स्वीडनमधल्या माल्मो शहरात आयकियाचं नवं दुकान उघडायचं होतं. जाहिरातीचं काम फॉर्समन अँड बोडेनफोर्स या एजन्सीकडे होतं. त्यांनी दुकानाच्या मॅनेजरच्या नावानं फेसबुकवर खातं काढलं आणि सजवलेल्या खोल्यांचे फोटो टाकले. अट एकच: फोटोतल्या वस्तूवर जो सर्वांत आधी स्वतःचं नाव टॅग करील, ती वस्तू त्याची. पलंग, दिवे, गालिचे, सगळ्यांवर भराभर नावं लागली. खरी गंमत पुढेच होती. एकानं सोफ्यावर नाव लावलं, की तो फोटो त्याच्या प्रोफाइलवर आणि तिथून मित्रांच्या न्यूजफीडमध्ये जायचा. मग मित्र आणखी काय उरलंय ते शोधायला यायचे. फेसबुकनं २००५ मध्ये फोटो-टॅगिंग आणलं ते माणसांसाठी. ते फर्निचरला लावायचं डोकं जाहिरातवाल्यांचं.

आपल्याकडे हे कुणाला शिकवावं लागलं नाही. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खाली शुभेच्छुकांची रांग असते, ती काय उगाच? ज्याचं नाव छापलं, तो चार माणसांना घेऊन फ्लेक्स दाखवायला येतो. फेसबुकवर तर छपाईचाही खर्च नव्हता. साड्या, एनए प्लॉट, दहावीचे क्लास, सगळं आपल्या वॉलवर येऊन पडू लागलं, सोबत ‘आणि इतर ४९ जण’. एका फोटोत ५० टॅग चालत, म्हणून पन्नासही वापरायचे. पैठणीच्या पदराला कुणा निवृत्त सद्गृहस्थांचं नाव चिकटलेलं असे. माल्मोत लोक हौसेनं नाव लावत होते, इथं दुकानदार परस्पर लावत होता. नजरेत भरायचा खरा, पण शिव्यांसकट.

फेसबुकनं मग एकेक दार लोटून घेतलं. आपल्याला केलेला टॅग आपल्या प्रोफाइलवर दिसण्याआधी तपासायची सोय २०११ मध्ये आली. ऑगस्ट २०१३ मध्ये पेजवर स्पर्धा घ्यायला मुभा मिळाली, पण फोटोत नसलेल्या माणसाला स्वतःचं नाव टॅग करायला सांगायचं नाही, असं बजावून. म्हणजे ज्या युक्तीनं माल्मो गाजलं, तीच नियमाबाहेर गेली. ‘तीन मित्रांना टॅग करा’ छापाच्या पोस्टही डिसेंबर २०१७ पासून न्यूजफीडमध्ये मागे ढकलल्या जाऊ लागल्या. उशिराच सुचलं म्हणायचं.

तोवर इन्स्टाग्रामवर वारं उलटं फिरलं होतं. मे २०१३ पासून तिथं फोटोत टॅग करता येऊ लागलं आणि दुकानानं ग्राहकाला टॅग करण्याऐवजी ग्राहकच दुकानाला टॅग करू लागला. नवा कुर्ता घातलेला फोटो त्याचा, मित्रमंडळी त्याची, नाव मात्र दुकानाचं! नोव्हेंबर २०१६ मध्ये अमेरिकेतल्या २० विक्रेत्यांसह वस्तूंचे टॅग चाचणीला आले. बोट टेकवलं की किंमत दिसे. हे टॅग सोयीचे आहेत, पण त्यांना शिफारस म्हणता येणार नाही. पैसे घेऊन केलेल्या शिफारशीला २०१७ मध्ये ‘पेड पार्टनरशिप’चा टॅग मिळाला आणि भारतात जाहिरात मानक परिषदेनं जून २०२१ पासून ही जाहिरात आहे हे ठळकपणे सांगण्याचा नियम केला.

या सगळ्यात छोट्या दुकानदाराच्या खऱ्या कामाची गोष्ट २०१८ मध्ये आली, तीही गाजावाजा न होता: ग्राहकानं स्टोरीत आपला उल्लेख केला, तर ती स्टोरी आपल्याला आपल्या स्टोरीत लावता येते. खर्च शून्य आणि नाव ग्राहकानं आपणहून घेतलेलं. पन्नास परस्पर टॅगांपेक्षा अशी एक स्टोरी भारी पडते.