विंचू चावला, पण दुखत नाही? मग जास्त जपा

आपल्या परभणीत सोयाबीनची गंजी हलवताना विंचू चावणं काही नवं नाही. पण लाल विंचू फसवतो. कधी आग फारशी होत नाही, मात्र दरदरून घाम, उलट्या, हातपाय थंडगार. मग हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी भरतं.

महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले. प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी यावर चालते, हे त्यांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं.

पण गोळीलाही धोका आहेच. पहिल्या डोसनंतर उठून बसलं, तर रक्तदाब एकदम उतरून भोवळ येऊ शकते. म्हणून पेशंटला झोपवूनच ठेवतात. घरच्या घरी गोळी नको, विंचू उतरवत बसणंही नको. सरळ १०८ लावा.