जुने रूप, नवी घडण : तानपुऱ्याच्या खर्जाची गोष्ट

कोल्हापूर हे कुस्तीचे आणि चित्रपटांचे शहर म्हणून ख्यात आहे; परंतु ते गाण्याचेही शहर आहे. १८९५ साली अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयास आले, आणि देवल क्लबासारख्या संस्थेने गाण्याची गोडी सामान्य नागरिकांतही जागती ठेवली. अशा शहरातील सुशिक्षित घरात गवसणी घालून कोपऱ्यात उभा केलेला तानपुरा हे एके काळी नित्याचे दृश्य होते. आता घरे आखूड झाली, प्रवास वाढला आणि पाच फूट उंचीचे, धक्क्याने तडकणारे वाद्य सांभाळणे अवघड झाले. म्हणून जुन्या रूपाचे पण नव्या घडणीचे तानपुरे बाजारात आले आहेत. कोणाचा भोपळा काचतंतूचा असतो, तर कोणास भोपळाच नसून चपट्या लाकडी पेटीस तारा ताणलेल्या असतात आणि ध्वनी विजेच्या साहाय्याने वाढविलेला असतो. घडण इतकी बदलल्यावर वाद्य तेच राहते काय, हा प्रश्न साहजिक आहे.

हाच प्रश्न पाश्चात्त्य संगीतातही उद्भवला होता. तेथे खर्जाचे स्वर देण्यासाठी पुरुषभर उंचीचे, पोकळ पोटाचे डबल बास हे वाद्य वापरीत. १९५१ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी त्याच चार स्वरांत लागणारी, भरीव लाकडाची विद्युत बास गिटार विक्रीस आणली. आज तिचाच आकार ‘जुना’ ठरला असून, बाह्य रूप तसेच ठेवून दांडीत ग्राफाइटच्या सळया घातलेल्या, हवामानाने न वाकणाऱ्या नव्या गिटारी निघतात. हे साधते याचे कारण असे की, त्या वाद्याचा आवाज पोटात घुमत नाही. पोलादी तार लोहचुंबकासमोर कंप पावते, चुंबकाभोवतालच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते, आणि त्या विजेचा पुढे ध्वनी होतो. तात्पर्य, आवाजाचे जन्मस्थान जपले की बाकीची घडण बरीचशी बदलता येते.

मग तानपुऱ्याच्या आवाजाचे जन्मस्थान कोठे आहे? याचे उत्तर कोल्हापुराशेजारच्या मिरजेत मिळते. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या या गावी एकोणिसाव्या शतकापासून सतारी व तानपुरे घडविले जातात. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब या व्यवसायाचे आद्य पुरुष मानले जातात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भोपळा, तूण वृक्षाचे लाकूड, खुंट्या, तबली अशी सारी जुळणी झाली, तरी वाद्य मुकेच असते. ते बोलू लागते ‘जवारी’ लावल्यावर.

तारा ज्या रुंद घोडीवरून जातात, तिचा माथा कारागीर कानसेने घासून अगदी किंचित उतरता करतो. त्यामुळे छेडलेली तार तीक्ष्ण कडेवरून एकदम न सुटता त्या उतारास पुनःपुन्हा स्पर्श करते, आणि प्रत्येक स्पर्शाबरोबर वरचे सूक्ष्म स्वर जागे होतात. तारेखाली सरकविलेला सुताचा धागा हा स्पर्श नेमका कोठे व्हावा, हे ठरवितो. म्हणूनच खर्जाच्या एकाच तारेतून तयार कानाला गांधारही ऐकू येतो. तार जेथे छेडावी, तेथे ज्यांचा निष्कंप बिंदू असतो असे उपस्वर नेहमीच्या नियमाने उमटू नयेत. तानपुऱ्यात मात्र तेही उमटतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले. जे विज्ञानाने मागाहून सांगितले, ते कारागिराच्या बोटांना आधीच ठाऊक होते.

या दृष्टीने नव्या घडणीची पारख करणे सोपे जाते. भोपळा बदलला तर आवाजाची गोलाई व भरणा कमी-अधिक होईल. खुंट्यांऐवजी गिटारीच्या पेचाच्या चाव्या बसविल्या तर स्वर लावणे सुलभ होईल. घोडी मात्र रुंद व नीट घासलेली असलीच पाहिजे. विजेची योजनाही बास गिटारीवरून तशीच उचलता येत नाही. तानपुऱ्याची खर्जाची तार पितळेची. चुंबकाला पोलादाची जाण असते, पितळेची नसते. त्यामुळे जो खर्ज हवा तोच हरवेल. यास्तव येथे घोडीचा कंप थेट टिपणारे साधन बसवावे लागते.

१९७९ साली बंगळूरचे जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला. आता तर भ्रमणध्वनीवरही तानपुऱ्याचा नाद मिळतो. एकट्याने मेहनत करणाऱ्यास त्याची सोय मोठी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु तानपुरा जुळविणे हाच गाण्याचा पहिला पाठ असतो. तारेचा स्वर किंचित चढा की उतरा, हे ओळखता ओळखता कान तयार होतो. आयता नाद तो पाठ देत नाही. शिवाय वाजवून वाजवून घोडी झिजते आणि जवारी पुन्हा लावावी लागते. वाद्ये वाजती राहिली नाहीत, तर ती लावणारा हातही उरणार नाही. मिरजेच्या सतारीस व तानपुऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नाव सुरक्षित झाले. हात सुरक्षित राहणे मात्र घेणाऱ्यांवर अवलंबून आहे.

तेव्हा तानपुरा घेताना त्याच्या रूपावर न भुलता खर्जाची तार एकदा छेडून स्वस्थ ऐकावी. नाद विरता विरता त्यातून गांधार उमलला, तर घडण नवी असली तरी वाद्य जुनेच आहे असे खुशाल समजावे.