लहर उलटी होते तेव्हा

पवईच्या आयआयटीत एरोस्पेस विभागाकडे शॉक टनेल आहे. तिचा गाभा म्हणजे शॉक ट्यूब: लांब नळी, तिचे दोन भाग, मध्ये पातळ पडदा. एका बाजूला वायूचा दाब चढवत न्यायचा. पडदा फाटला, की पलीकडे ध्वनीहूनही वेगवान आघाततरंग सुटतो. पवईत तो अतिवेगवान वायुप्रवाहांच्या अभ्यासाला लागतो. अशाच नळीत सोव्हिएत संशोधक येव्गेनी मेश्कोव्ह यांनी १९६९मध्ये एक विलक्षण गोष्ट दाखवली. दोन वेगळ्या घनतेचे वायू, मधली सीमा किंचित लहरदार. तरंग धडकला आणि लहरी वाढतच गेल्या. अमेरिकेच्या रॉबर्ट रिच्टमायर यांनी हे गणिताने १९६०मध्येच सांगितलं होतं.

दाब तरंगाच्या दिशेने बदलतो, लहरीच्या उतारावर घनता मात्र तिरपी बदलते. या तिढ्यातून भोवरे जन्मतात. जड वायूचे सुळके हलक्यात घुसतात, हलक्याचे बुडबुडे जडात शिरतात आणि सुळक्यांच्या टोकांना अळंबीसारख्या छत्र्या फुटतात. तरंग कुठल्याही बाजूने येवो, सीमा बिघडतेच. मला सगळ्यात थक्क करतं ते पुढचं: तरंग जडाकडून हलक्याकडे गेला, तर लहर आधी ओसरते, सीमा सपाट होते, आणि मग लहर उलटी उगवते. उंचवट्याच्या जागी खळगा!

ही गंमत नळीपुरती राहत नाही. ट्रॉम्बेच्या अणुकेंद्राचे संस्थापक होमी भाभा यांनी १९५५च्या जिनिव्हा परिषदेत भाकीत केलं होतं, की दोन दशकांत अणुसंमीलनाची ऊर्जा काबूत येईल. लेझरच्या वाटेने जाणाऱ्यांना आडवी आली ती, इतर अडचणींबरोबर, हीच लहर. कॅलिफोर्नियात संमीलन घडवण्यासाठी १९२ लेझर-झोत जेमतेम दोन मिलिमीटरच्या इंधनगोळीला चेपतात, आणि आघाततरंग तिच्या थरांमधल्या सीमांवर आदळतात. ५ डिसेंबर २०२२ला तिथे २.०५ मेगाज्यूल देऊन ३.१५ मेगाज्यूल मिळाले.

लहरीला आवरायचं कसं? सुरुवातीला तिच्या वाढीचा वेग मूळ उंचीच्या प्रमाणात असतो, म्हणून गोळीचं कवच कमालीचं गुळगुळीत करतात. तेवढ्याने भागत नाही. लेझरची ऊर्जा टप्प्याटप्प्याने सोडून एकामागून एक तरंग पाठवतात. गणित तर सांगतं, की लहर उलटलेली असताना नेमक्या क्षणी दुसरा तरंग आदळला, तर तिची वाढ थोपवता येते. लेझरच्या बाबतीत हा हिशेब सेकंदाच्या अब्जांशात चालतो. आता संशोधक संगणकाकडून, ज्यावर तरंग सोडायचा त्या लक्ष्याच्या आतल्या पोकळीचा असा आकार शोधून घेतात, की तरंगच वाकून सीमेवर पोहोचावा आणि लहरीतून उसळणारा फवारा तिथेच दबावा.