मंदीत घर विकताना : रंगाआधी कागद

तेजीच्या दिवसांत घर विकणाऱ्याला फारसे काही करावे लागत नाही. ग्राहक टोकनची रक्कम खिशात घेऊनच येतो. भिंतीला ओल आहे का, हे पाहण्याचीही त्याला उसंत नसते. बाजार थंडावला की हाच ग्राहक तीनदा येतो. एकदा पत्नीसह, एकदा सासऱ्यांना घेऊन आणि तिसऱ्यांदा मुद्दाम ऐन पावसात. त्याच रस्त्यावरची आणखी आठ-दहा घरे त्याने पाहिलेली असतात आणि पलीकडच्या नव्या टॉवरमध्ये बिल्डर सवलती देत बसलेला असतो. डोंबिवली, ठाणे किंवा कोथरूडमधील तीस वर्षे जुन्या सोसायटीतला दोन-तीन खोल्यांचा फ्लॅट या गर्दीत उभा राहतो, तेव्हा विकणाऱ्याची निवृत्तीची पुंजी किंवा नव्या घराचा हप्ता त्याच एका व्यवहारावर अवलंबून असतो.

घर विकायचे ठरले की पहिला फोन रंगाऱ्याला जातो. तो वास्तविक वकिलाला जायला हवा. चोखंदळ ग्राहकाचे मन रंगामुळे वळेलही, परंतु त्याला कर्ज देणारी बँक रंग पाहत नाही. बिल्डरशी झालेल्या पहिल्या करारापासून आजच्या मालकापर्यंतची सगळी साखळी, भाग प्रमाणपत्र, नोंदणीची पावती व इंडेक्स टू, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची पावती आणि सोसायटीचे थकबाकी नसल्याचे पत्र ती मागते. १० डिसेंबर १९८५ नंतरच्या करारावर मुद्रांक शुल्क कमी भरलेले असेल, तर फरकावर दरमहा २ टक्के दंड चढत असतो. हा बोजा कोणी उचलायचा, यावर ऐन सह्यांच्या वेळी वाद पेटतो. मूळ कागद कर्जापोटी बँकेत अडकले असतील, तर बँकेकडून त्यांची यादी आणि उर्वरित कर्जाचे पत्र आधीच आणून ठेवावे.

सर्वांत अवघड गाठ असते ती वारसांची. वडील गेले, नॉमिनी म्हणून आईचे नाव सोसायटीच्या दप्तरी होते, तेव्हा घर आईचे झाले, अशी अनेक कुटुंबांची प्रामाणिक समजूत असते. कायदा तसे मानत नाही. नॉमिनी हा वारसांच्या वतीने घर सांभाळणारा विश्वस्त असतो. २०१९ च्या सुधारणेनंतर महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात त्याला तात्पुरत्या सदस्याचेच स्थान आहे. मृत्युपत्र नसेल तर मुलगे आणि विवाहित मुली, सर्वांचा त्यात हिस्सा. त्यांनी विक्रीच्या करारावर सह्या कराव्यात किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावे, याला पर्याय नाही. एक भाऊ परदेशात, एका बहिणीशी अबोला, अशा घरात याला महिने लागतात. करोनाच्या साथीत, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात ३ टक्क्यांची कपात केली आणि थिजलेला बाजार हलला. पण ती खिडकी अवघ्या चार महिन्यांची होती. सह्या जमवण्यातच तेवढा काळ लोटणाऱ्या घरांना अशा संधीचा उपयोग नसतो.

किमतीबाबत मालकाचा अंदाज बहुधा ऐकीव असतो. 'तिसऱ्या मजल्यावरचे एवढ्याला गेले' हे सांगणारा शेजारी ते कधी गेले, हे सांगत नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर आसपासचे नोंदलेले व्यवहार पाहता येतात. गेल्या सहा महिन्यांतले चार-पाच आकडे पाहिले की भ्रम गळून पडतो. तुलना मात्र चटई क्षेत्राचीच करावी. जुन्या करारातील बिल्टअपचा आकडा सांगून ग्राहकाला बोलावले, तर तो टेप घेऊन येतो आणि मग इतर सगळ्याच गोष्टींवरचा त्याचा विश्वास उडतो.

मंदीत आणखी एक पेच उद्भवतो. बाजारभाव उतरतो, रेडी रेकनरचा दर तसाच राहतो. करारातील किंमत रेकनरपेक्षा कमी असली तरी मुद्रांक शुल्क रेकनरवरच पडते. हा फरक १० टक्क्यांहून अधिक असेल तर प्राप्तिकर खाते विकणाऱ्याचा भांडवली नफा रेकनरच्या किमतीवर मोजते आणि घेणाऱ्याच्या उत्पन्नातही तो फरक धरते. म्हणून घासाघीस कुठे थांबवायची, ही रेषा आधी माहीत हवी.

भाव वाढण्याची वाट पाहण्यालाही किंमत असते. समजा, ६० लाखांच्या अपेक्षेला आज ५७ लाखांची मागणी आली. ते ५७ लाख वर्षभर ६ टक्क्यांनी ठेवले तर ३ लाख ४२ हजार रुपये व्याज होते. शिवाय रिकाम्या घराचा दरमहा ३ हजारांचा मेंटेनन्स वाचतो. व्याजावरचा कर वजा केला, तरी वर्षानंतर मिळू शकणाऱ्या, कदाचित न मिळणाऱ्या, ६० लाखांपेक्षा हा सौदा फारसा वाईट ठरत नाही. या भिंतींत मुले वाढली, याचे मोल ग्राहक देत नाही; मालकाने ते मागूही नये.

आता रंगाऱ्याला बोलवायला हरकत नाही, मात्र प्लंबरनंतर. ओलीवर मारलेला ताजा रंग जाणत्या ग्राहकाच्या डोळ्यांत लगेच भरतो. वरच्या फ्लॅटच्या न्हाणीघरातून गळती असेल तर दुरुस्ती त्या सदस्याची. गच्चीतून वा बाहेरच्या भिंतीतून असेल तर सोसायटीची. हा पत्रव्यवहार पावसाळ्यापूर्वीच उरकलेला बरा. नव्या किचन ट्रॉल्या, नव्या फरशा यांवर लाख-दीड लाख उधळण्यात अर्थ नाही. घेणारा त्या आपल्या पसंतीने बदलणारच. त्यापेक्षा माळे रिकामे करावेत, खिडकीवर आलेले कपाट हलवावे, गळके नळ आणि अडकणारी दारे नीट करावीत. पितृपंधरवड्यात कोणी फिरकत नाही. ते पंधरा दिवस या कामांना उत्तम. बाल्कनी बंद करून खोलीत घेतली असेल आणि पालिकेची परवानगी नसेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगून टाकावे.

पार्किंगचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये नहालचंद खटल्यात स्पष्ट केले की, बिल्डरला खुली वा स्टिल्टमधील जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही. तेव्हा 'घरासोबत पार्किंग' असे वचन देण्याआधी सोसायटीचा वाटपाचा नियम वाचावा. हस्तांतरणाच्या वेळी काही सोसायट्या 'देणगी' मागतात. ९ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयानुसार महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा २५ हजार रुपये आहे. तेवढी रक्कम कोण भरणार, हे टोकन घेतानाच पावतीवर लिहावे.

घर पाच दलालांकडे पाच वेगवेगळ्या किमतींना टाकू नये. ग्राहकाच्या कानी सर्वांत कमी आकडाच पोहोचतो. किल्लीही दलालाकडे देऊन मोकळे होऊ नये. घर दाखवायचे ते दिवसाउजेडी, खिडक्या उघडून आणि घरातले एकच माणूस हजर ठेवून. चौघे जण एकदम घराची स्तुती करू लागले की ग्राहक भिंतीवरची पोपडी शोधू लागतो.