घोडबंदर ते उत्तन : शरदांतील एक प्रवास

शरदृतु हा प्रवासास अत्यंत अनुकूल काळ होय, असें सर्वत्र मानितात. पावसानें हवेंतील धूळ धुऊन निघालेली असते, नैर्ऋत्येचे ढग माघारे गेलेले असतात, आणि डोंगरांच्या कडा दुरूनहि स्पष्ट दिसतात. परंतु ज्या प्रदेशांतून आपण मौजेनें जातों, तेथील लोकांस हा ऋतु कसा असतो, हें जाणल्यावांचून प्रवास पुरा झाला असें म्हणतां येत नाहीं. म्हणून आश्विनाच्या अखेरीस आम्हीं केलेल्या एका दिवसाच्या प्रवासाची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रातःकाळीं आम्ही घोडबंदरच्या किल्ल्यावर गेलों. पूर्वीं या बंदरांत अरबी घोड्यांचा व्यापार चाले, त्यावरून हें नांव पडलें असें सांगतात. हा किल्ला पोर्तुगीजांकडून १७३७ सालीं मराठ्यांनीं घेतला, व १८१८ सालीं तो इंग्रजांकडे गेला. एका बाजूस हिरवे डोंगर आणि खालीं वसईची संथ खाडी, असा देखावा तटावरून दिसतो. ही खाडीच पुढें दिवसभर आमची सोबतीण झाली. तिच्या खाऱ्या पाण्यावरच या भागांतील कांहीं धंदे उभे आहेत.

तेथून काशीमिऱ्यावरून भाईंदरास आलों. १९८५ सालीं येथें नगरपालिका झाली, व २००२ सालीं तिची महानगरपालिका झाली. उंच इमारतींची दाटी ओलांडून आगगाडीच्या रुळांपलीकडे गेलें, कीं मुर्धें, राई, मोरवें अशीं जुनीं गांवें लागतात. कौलारू घरें, पिकून पिवळें झालेलें भात, आणि त्यापलीकडे मिठागरें!

मीठ कसें होतें, हें विद्यार्थ्यांनीं समजून घेण्याजोगें आहे. हजार तोळे समुद्राच्या पाण्यांत सुमारें ३५ तोळे क्षार असतात. त्यांत खाण्याचें मीठ सुमारें २७ तोळे असतें. उधाणाच्या भरतीचें पाणी बांधाआड अडवून एका वाफ्यांतून दुसऱ्यांत क्रमाक्रमानें सोडितात. ऊन व वारा पाणी आटवीत जातात. तें मूळच्या दहाव्या हिश्श्याइतकें उरलें, कीं मिठाचे खडे धरूं लागतात. शेवटीं राहिलेलें कडू पाणी काढून टाकावें लागतें. नाहीं तर मिठास कडवटपणा येतो. पावसांत खचलेले बांध दुरुस्त करणें व वाफ्यांची जमीन तुडवून घट्ट करणें, हें काम शरदांतच सुरू होतें. शहर आज या बांधांपर्यंत येऊन ठेपलें आहे, आणि कित्येक मिठागरें ओस पडलीं आहेत.

दुपारीं उत्तनास पोहोंचलों. हें कोळ्यांचें गांव. नारळी पौर्णिमेनंतर येथील होड्या समुद्रांत जातात. 'डोल' नांवाचें जाळें पिशवीसारखें असतें; त्याचें तोंड रुंद व शेपूट अरुंद. तें समुद्रांत रोवलेल्या खुंटांस बांधितात, आणि भरती-ओहोटीचा ओघच मासे आंत लोटतो. त्यांत मुख्यत्वें बोंबील सांपडतात. बोंबलाच्या अंगांत शंभरांत ऐंशींहून अधिक भाग पाणीच असल्यामुळें तो लौकर नासतो. म्हणून बांबूंच्या उंच वलांड्यांवर दोऱ्या बांधून तेथें तो वाळवितात. सारा किनारा अशा रुपेरी तोरणांनीं भरलेला होता.

वलांडीपाशीं काम करणाऱ्या एका आजीबाईंस आम्हीं विचारलें, "यंदाचा हंगाम कसा आहे?" त्यांनीं उत्तर न देतां आकाशाकडे बोट दाखविलें. त्याचा अर्थ आम्हांस मागाहून उमगला. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस अरबी समुद्रांत 'क्यार' व त्यामागोमाग 'महा' अशीं दोन चक्रीवादळें उठलीं. तेव्हां भर हंगामांत होड्या किनाऱ्यास परत आणाव्या लागल्या. वलांडीवरील मासळी एका अवेळीं सरीनें कुजते, कापलेलें भात भिजून काळें पडतें, आणि पुढें हंगामांत तीच सर वाफ्यांतील मीठ विरघळविते. आपणांस जें निरभ्र आकाश केवळ सुंदर वाटतें, तेंच या घरांची वर्षाची भाकरी होय.

सायंकाळीं चौक गांवच्या धारावी किल्ल्याच्या टेकडीवर उभे राहिलों. खाडीच्या मुखापलीकडे वसईचा कोट दिसत होता. १७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या मोहिमेंत मराठ्यांनीं प्रथम धारावी घेतली व मग मे महिन्यांत वसई. खाडीचें मुख ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं वसईची वाट, हें त्या ठिकाणीं उभें राहिल्यावर नकाशावांचून समजलें.

विद्यार्थिमित्रहो, रम्य गांवें पाहण्यास फार दूर जावें लागत नाहीं. पुढील सुटींत आपल्या आईबापांसह या वाटेनें अवश्य जा. पण केवळ देखावा पाहून परतूं नका. कोणी बांध घालीत असेल, कोणी मासळी वाळत घालीत असेल, त्यांस नम्रपणें दोन प्रश्न विचारा. आणि घरीं ताटांत चिमूटभर मीठ वाढून घेतांना, तें कोणाच्या उन्हांतील श्रमांनीं तेथवर आलें, याची आठवण ठेवा.