तह आणि सरहद्दी : भोर-वेल्ह्याच्या मुलखावरून

वाचकहो, शाळेच्या इतिहासात 'तह' हा शब्द पावलोपावली येतो. पुरंदरचा तह, सालबाईचा तह, वसईचा तह. मुले साले घोकतात, कलमे पाठ करतात, आणि परीक्षा झाली की विसरून जातात. दोष मुलांचा नाही. तह झाला म्हणजे नेमके काय बदलते, आणि कोणाच्या दारात बदलते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून आज आपण तहांची यादी न करता एक लहानसा मुलूख घेऊ या आणि दोन बलाढ्य सत्तांच्या तहांनी त्या मुलखाचे काय केले, ते पाहू या. हा मुलूख म्हणजे पुणे जिल्ह्यातला भोर आणि वेल्हे. वेल्हे तालुक्याला 'राजगड' हे नाव देण्यास 2024 साली राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. पण आपल्या बोलण्यातले जुने नाव वेल्हे, तेच येथे ठेवतो.

प्रथम जमिनीची ठेवण ध्यानात घ्या. सह्याद्रीच्या पूर्वेकडे डोंगराच्या सोंडा उतरतात आणि दोन सोंडांच्या मध्ये एकेक नदी वाहते. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी या त्या नद्या. नदीचे खोरे म्हणजेच मावळ. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे, वेळवंड खोरे, रोहिड खोरे ही नावे त्यातूनच आली. प्रत्येक खोऱ्याला देशमुख असे. हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळीमकर, भोरजवळच्या कारीला जेधे, उत्रावळीला खोपडे. आणि खोऱ्यांवर नजर ठेवणारे किल्ले : वेल्ह्यात तोरणा आणि राजगड, भोरच्या दक्षिणेस रोहिडा.

आता सरहद्द म्हणजे काय, ते पाहू. आज आपल्या डोळ्यांसमोर नकाशावरची रेघ येते. शेताला सर्व्हे नंबर असतो, गावाला शीव असते, तालुक्याला हद्द असते. सतराव्या शतकात गावाची शीव होती, पण राज्याची अशी आखीव रेघ नव्हती. राज्य ओळखले जाई ते दोन गोष्टींवरून. किल्ला कोणाच्या हाती? आणि खालच्या गावांचा वसूल कोणाकडे जातो? किल्ल्यावर ज्याची शिबंदी, त्याच्या माणसांना खोऱ्यात वसूल मागता येई. म्हणून त्या काळच्या तहात रेघ नसते, याद्या असतात. अमुक इतके किल्ले, त्यांच्याखालचा अमुक इतक्या होनांचा मुलूख. होन म्हणजे दक्षिणेत चालणारे सोन्याचे नाणे. हे एकदा कळले की जुना तह वाचणे सोपे जाते.

या दृष्टीने पहिला मोठा तह येतो 1636 सालचा. अहमदनगरची निजामशाही मोडकळीस आली होती आणि शहाजीराजे एका लहान निजामशहाला गादीवर ठेवून ती सावरून धरीत होते. उत्तरेतून मोगल बादशहा शाहजहान स्वतः दौलताबादेस येऊन उतरला. विजापूरचा महंमद आदिलशहा त्याच्यापुढे नमला आणि दोघांनी मिळून तिसऱ्याचे राज्य वाटून घेतले. स्थूलमानाने जुन्नरचा मुलूख मोगलांकडे गेला, पुणे-चाकणचा आदिलशाहीकडे आला. त्याच वर्षी माहुलीच्या किल्ल्यावर शहाजीराजांना शस्त्र खाली ठेवावे लागले आणि ते आदिलशाहीच्या चाकरीत गेले. पुढे शिवाजी महाराजांनी मावळात काम आरंभले तेव्हा तो मुलूख कागदोपत्री आदिलशहाचा होता, याचे मूळ येथे आहे.

अशी वाटणी फक्त आपल्याकडेच झाली असे मात्र समजू नका. अवघ्या तीन वर्षांनी, 1639 साली, तुर्कस्तानचा उस्मानी सुलतान आणि इराणचा सफवी शहा यांच्यात झुहाब येथे तह झाला. बगदाद तुर्कांकडे, एरिवान इराण्यांकडे, असे ठरले. मध्ये डोंगराळ मुलूख होता, आपल्या मावळासारखाच. तहात तिथे रेघ ओढलेली नव्हती. किल्ल्यांची आणि टोळ्यांची नावे तेवढी होती. कोणती टोळी कोणाची, यावरून पुढे पिढ्यानपिढ्या तंटे चालले, आणि हद्दीचे दगड रोवायला 1913-14 साल उजाडले. दोन बादशहा कागदावर मोहोर उठवतात, पण डोंगरातल्या माणसाचा निकाल एवढ्याने लागत नाही.

आपल्याकडे तो निकाल कसा लागे? 1659 साली अफजलखान विजापुराहून निघाला तेव्हा मावळच्या देशमुखांना आदिलशाही फर्माने आली : आमच्या बाजूस या, नाहीतर वतनाला मुकाल. कारीच्या कान्होजी जेध्यांनाही फर्मान आले. वतन म्हणजे घरादाराची पोटाची सोय, पिढीजात मान. ते पणाला लावून कान्होजी आपल्या पाच मुलांसह महाराजांकडे गेले. उत्रावळीचे खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. कारी आणि उत्रावळी ही दोन्ही गावे भोर तालुक्यातलीच. म्हणजे दोन राज्यांची सरहद्द त्या वर्षी शेजारच्या दोन देशमुखांच्या वाड्यांमधून गेली म्हणा ना! तिथे नदी नव्हती, डोंगर नव्हता. माणसाने कोणाचा शब्द मानला, हीच सरहद्द होती.

आता येऊ 1665 सालाकडे. औरंगजेबाने मिर्झाराजे जयसिंगांना दक्षिणेत पाठविले. दिलेरखानाने पुरंदरला वेढा घातला. वज्रगड पडला, पुरंदरावर मुरारबाजी देशपांडे लढता लढता कामी आले. हा भाग आपल्याला ठाऊक असतो. वेढ्याच्या बाहेर काय चालले होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. किल्ले एकेक करून घ्यायला वेळ लागतो, म्हणून मिर्झाराजांनी दुसरा उपाय योजला. किल्ल्यांना दाणागोटा पुरविणारी गावेच उद्ध्वस्त करायची. एप्रिलच्या अखेरीस दाऊदखान कुरेशी सुमारे 6000 स्वार घेऊन निघाला आणि रोहिड्याच्या परिसरात त्याच्या फौजेने सुमारे 50 गावे जाळून बेचिराख केली. ज्या डोंगरकपारीत मोगल घोडा पूर्वी कधी गेला नव्हता, तिथली नांदती गावेही सुटली नाहीत. तिथून फौज गावे जाळीत राजगडाच्या पायथ्याकडे सरकली.

एप्रिलअखेर म्हणजे वैशाखाचे दिवस. पुढे मृग येणार. ज्या शेतकऱ्याचे घर, बियाणे आणि बैल त्या वेळी जातात, त्याचे एक साल जात नाही, दोन-तीन साले जातात. महाराज तहाला का आले, याचे उत्तर केवळ पुरंदरच्या बुरुजावर शोधू नका, या जळालेल्या गावांतही शोधा. किल्ला परत घेता येतो. रयत देशोधडीला लागली तर तिला परत आणून वसविणे फार कठीण. त्या काळी उजाड गाव पुन्हा लावायचे तर रयतेला कौल द्यावा लागे, म्हणजे अभयाचा कागद. सारा पहिल्या वर्षी थोडा घ्यायचा आणि वर्षावर्षाला चढवीत न्यायचा. त्याला इस्तावा म्हणत.

जूनमध्ये महाराज मिर्झाराजांना भेटले आणि तह ठरला. कलमे अशी : 23 किल्ले आणि 4 लक्ष होनांचा मुलूख मोगलांना द्यायचा. 12 किल्ले आणि 1 लक्ष होनांचा मुलूख महाराजांकडे राहायचा. संभाजीराजांच्या नावे पाच हजारी मनसब. आता फळ्यावर हिशेब करा. किल्ले 35 पैकी 12 उरले, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक. पण वसूल पाचातला एकच भाग उरला. किल्ल्यांची संख्या सांगून तहाची खरी झळ कळत नाही, ती वसुलाच्या आकड्यात दिसते.

आणि आता आपल्या मुलखात काय झाले, ते पाहा. दिलेल्या 23 किल्ल्यांत रोहिडा होता. राखलेल्या 12 किल्ल्यांत राजगड आणि तोरणा होते. स्वच्छ दिवशी रोहिड्यावर उभे राहिले तर राजगड आणि तोरणा समोर दिसतात. म्हणजे एका किल्ल्यावरून दुसऱ्याचा माथा दिसावा इतक्या अंतरावर दोन राज्ये आली! रोहिड्याखालचा शेतकरी त्या पावसाळ्यात झोपला तो एका राज्यात आणि जागा झाला तो दुसऱ्या राज्यात. शेत तेच, नांगर तोच, देवही तोच. वसूल मागणारा तेवढा बदलला.

हे चमत्कारिक वाटते खरे, पण युरोपातही असेच चालले होते. 1659 साली फ्रान्स आणि स्पेन यांच्यात पिरेनीज पर्वताचा तह झाला. दुसऱ्या वर्षी वाटणी करताना एका डोंगरी खोऱ्यातली 33 खेडी फ्रान्सला द्यायची ठरली. तिथे लिव्हिया नावाचे गाव होते. त्याला शहराचा दर्जा होता, आणि यादीत तर 'खेडी' असा शब्द! त्या एका शब्दामुळे लिव्हिया स्पेनकडे राहिले. चहूबाजूंनी फ्रान्स आणि मध्ये स्पेनचे गाव, अशी स्थिती आजही आहे. यादीतल्या एका शब्दाने केवढा फरक पडतो, पाहा.

पुरंदरच्या तहात आणखी एक कलम होते, ते मोठ्या हिकमतीचे. विजापूरकरांचा तळकोकणातला 4 लक्ष होनांचा आणि बालाघाटातला 5 लक्ष होनांचा मुलूख महाराजांनी घ्यावा, आणि त्याबद्दल बादशहाला 40 लक्ष होन दरसाल 3 लक्षांच्या हप्त्याने द्यावेत. यातली मेख अशी की, हा मुलूख देणाऱ्याचाही नव्हता आणि घेणाऱ्याचाही! तो तिसऱ्याचा होता. महाराज आणि आदिलशहा एक होऊ नयेत, दोघांनी आपसांत झुंजावे, असा मिर्झाराजांचा डाव होता. तहाच्या कलमात जे दिलेले दिसते, त्यात पुष्कळदा पुढच्या भांडणाचे बी पेरलेले असते.

हा तह टिकला किती? 1666 साली महाराज आग्र्यास गेले, तिथे नजरकैदेत पडले आणि निसटून आले. त्यानंतर काही काळ दोन्ही बाजूंनी सबुरी धरली. ती सबुरी महाराजांनी वाया घालविली नाही, राज्याची घडी बसविण्याकडे लक्ष दिले. 1670 साल उजाडताच तह मोडला. फेब्रुवारीत कोंढाणा, मार्चमध्ये पुरंदर, आणि त्याच वर्षी रोहिडाही परत आला. पाच वर्षांत सरहद्द फिरली.

पुढेही ती फिरतच राहिली. 1704 साली खुद्द औरंगजेबाने राजगड आणि पाठोपाठ तोरणा घेतला. तोरण्याला 'फुतूहुल्गैब', म्हणजे दैवी विजय, असे नाव दिले. ते नाव दप्तरात राहिले, लोकांच्या तोंडी तोरणाच राहिला. थोड्याच वर्षांत किल्ले मराठ्यांकडे परत आले. शंकराजी नारायण सचिव यांनी या मुलखात मोठी कामगिरी केली आणि त्यांच्या घराण्याकडे भोरचा कारभार आला. 1719 साली बाळाजी विश्वनाथ यांनी दिल्लीहून स्वराज्याच्या, चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. जो मुलूख मावळ्यांनी लढून राखला, त्यावरचा हक्क बादशाही कागदाने मान्य केला तो असा, मागाहून. आणि चौथाई पाहा : मुलूख मोगलांचा, पण वसुलातला चौथा हिस्सा मराठ्यांचा. एकाच गावावर दोघांचा अंमल. नकाशावर रेघ ओढून हे दाखविता येणार नाही.

रेघेची सरहद्द आली ती इंग्रजांबरोबर. पेशवाई गेल्यावर 1820 साली भोरच्या पंतसचिवांशी इंग्रजांचा करार झाला. मोजणी झाली, हद्दीचे दगड बसले, आणि 1948 साली भोर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. किल्ल्यासाठी कोणाला मरावे लागले नाही, कोणाचे गाव जळले नाही आणि राज्य बदलले, असे या मुलखात क्वचितच घडले असेल.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गात तह शिकविताना साल सांगाच, पण त्याबरोबर चार प्रश्न मुलांपुढे ठेवा. किल्ले कोणते गेले आणि कोणते राहिले? वसुलाचा हिस्सा किती गेला? जे दिले ते देणाऱ्याचे होते काय? आणि खालच्या गावातल्या माणसाचे काय झाले? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे पुस्तकात मिळतील. चौथ्यासाठी मुलांना गावातल्या जुन्या घरांत पाठवा. ज्या जेधे शकावलीवरून शिवकालातल्या कित्येक तिथी नक्की करता आल्या, ती कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातूनच बाहेर आली आणि लोकमान्य टिळकांनी ती प्रसिद्धीस आणली. अजूनही एखाद्या माळ्यावर, एखाद्या फडताळात मोडी कागदांचे रुमाल पडून असतील. ते उंदीर-वाळवीच्या हाती जाऊ देऊ नका. कागद सापडला तर झटकू नका, उन्हात घालू नका, चिकटपट्टी लावू नका. स्वच्छ कापडात गुंडाळून ठेवा आणि मोडी वाचणाऱ्या जाणत्या माणसाला दाखवा. जळालेल्या पन्नास गावांपैकी एखादे पुन्हा कोणी वसविले, कोणत्या कौलावर वसविले, हे सांगणारा कागद कदाचित त्याच रुमालात असेल.